ताप न येणारं गाव

गंगासागरबाई गेली तेव्हा तिच्या हातात हळद पालटायचं दाताळं होतं. मार्चमधली टळटळीत दुपार होती. शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली होती आणि ती नेहमीसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळद वरखाली करत चालली होती. मधेच ती खाली बसली. ऊन लागलं असेल म्हणून बायकांनी पाणी नेलं. तांब्या हातात घेऊन ती म्हणाली, "बरंय माय मला, जरा टेकते," आणि तशीच शेजारच्या ढिगावर कलंडली.

तिच्या मनगटावर सगळ्यांसारखीच आरोग्यपट्टी होती. अंगातला ताप, नाडी आणि घामात उतरणाऱ्या सुजेच्या खुणा मोजून ती रंग दाखवायची. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे दवाखान्यात जा, लाल म्हणजे गाडी येतेच आहे. गंगासागरबाई पडली तेव्हा पट्टी हिरवी होती. मिनिटभरानं नाडी बुडाली तशी ती एकदम लाल झाली. मधला पिवळा रंग कुणाला दिसलाच नाही.

हेमलता इंगोले हळदीच्या अर्कघरातून पळत आली, हातमोजे तसेच घालून. दोघी दहा वर्षं एकत्र काम करत होत्या. सकाळीच गंगासागरबाई तिच्याकडे चहा प्यायली होती आणि नातवाच्या जावळाबद्दल बोलली होती. हेमलतानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग थंडगार, चेहरा शांत. झोपल्यासारखी दिसत होती म्हणावं तर तेही नव्हतं, कारण ओठ राखेसारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून डॉक्टर फरहाना काझींचा फोन आला. अचानक आलेला मृत्यू म्हणून त्यांनी शवविच्छेदन केलं होतं, आणि हेमलतानं जरा येऊन जावं असं त्यांचं म्हणणं होतं. फोनवर त्या काही सांगेनात. हेमलता गेली. डॉक्टरांच्या समोर कागद होता आणि त्या तो पुन्हा पुन्हा वाचत होत्या, जणू अजून त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

"अपेंडिक्स फुटलं होतं," त्या म्हणाल्या. "काल नाही, हेमाताई. सहा दिवस आधी. अपेंडिक्स फुटलेला माणूस सहा पावलं चालू शकत नाही, गुरासारखा ओरडतो. ही बाई सहा दिवस उन्हात काम करत होती. पोटभर घाण पसरलेली, आणि कुठं सूज नाही, लाली नाही. असं पोट मी आयुष्यात पाहिलेलं नाही." मग त्यांनी कागद खाली ठेवला. "ती थेंब घ्यायची का?"

थेंब कोण घेत नव्हतं?

हळदीचा अर्क काही नवा नव्हता. पॉलिश केलेली हळद जाडसर दळायची, काचेच्या बरणीत घालायची, वर सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल ओतायचं, चाळीस दिवस रोज हलवायची आणि जाड फडक्यातून गाळून घ्यायची, की झाला अर्क. हेमलता हे पूर्वीही करत होती. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होती तेव्हापासून तिला हा नाद होता. अडचण एकच होती. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, फार गुणी पण फार माणूसघाणं. पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात उतरत नाही. शंभर भाग पोटात गेले तर एखादाच भाग कामाला येतो, बाकीचे आले तसे बाहेर जातात. दुधात घालून दिली, तुपात दिली, मिरीबरोबर दिली, तरी फरक थोडाच पडायचा.

चार वर्षांपूर्वी पावसात भिजलेल्या हळदीच्या एका ढिगावर तपकिरी बुरशी धरली. ती फेकून द्यायची सोडून हेमलतानं तिचा अर्क काढला, आणि तो पाण्यात टाकल्यावर साखरेसारखा विरघळला. ती बुरशी कुर्क्युमिनच्या प्रत्येक रेणूला साखरेचा एक रेणू चिकटवत होती. शरीर साखरेला दार उघडतं, आणि तिच्या मागोमाग हळदही आत शिरते, रक्तात, सांध्यात, थेट मेंदूपर्यंत. सहा महिने दोनशे माणसांवर चाचण्या झाल्या. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या उकिडव्या बसू लागल्या. विकायचा होता अन्नपदार्थ म्हणून, त्यामुळं त्याहून लांबची चाचणी कुणी मागितली नाही.

हेमलताचा थोरला भाऊ विश्वंभर कऱ्हाळे गावातल्या हळद उत्पादकांच्या गटाचा अध्यक्ष होता. त्यानं गावातल्या प्रत्येक घराला थेंब फुकट दिले. सकाळी जिभेखाली दहा थेंब. बघता बघता गावातली दुखणी पळाली. दाढ दुखेना, पाठ दुखेना, पोरांना ताप येईना. चौदा महिन्यांत गावातली एकही पट्टी पिवळी झाली नव्हती. सबंध जिल्ह्यात सगळ्यात निरोगी गाव म्हणून ढाल मिळाली होती आणि ती शाळेत काचेच्या कपाटात ठेवली होती.

डॉक्टर काझी सांगत होत्या आणि हेमलताला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सूज, लाली, ताप, ठणका हे आजार नव्हेत, त्या म्हणाल्या. आत काहीतरी बिघडलं की शरीर त्यांच्यातूनच हाक मारतं. जंतू शिरले की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, रक्त तिकडं धावतं, पांढऱ्या पेशी जमतात, आणि दुखतं म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हळद तो निरोप थोडा दाबते, म्हणून तर ती औषधी. पण इतकी हळद, इतकी आतवर, रोज, वर्षभर? ती चरबीत आणि हाडांच्या मगजात साठत गेली असेल. निरोप दाबला गेला नाही, बंदच पडला. जंतू मात्र तसेच राहिले. मागच्या महिन्यात तुमच्याच गावचा एकजण आला होता, त्या म्हणाल्या. पायात खिळा घुसला तेव्हा जरा टोचलं, मग काही वाटलं नाही. घोट्यापर्यंत पाय काळा झाल्यावर त्यानं मोजा काढून पाहिला.

"हा माझा अंदाज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सिद्ध करायला वेळ लागेल."

हेमलताला तेवढा वेळ नव्हता. घरी येऊन तिनं फडताळातून बिब्बा काढला. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की उततं, फोड येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली आणि सुईच्या टोकावरचं काळं तेल स्वतःच्या दंडावर टेकवलं. मग नवऱ्याला हाक मारली. माधवराव घरातला थेंब न घेणारा एकटाच माणूस. त्याच्या वासानं त्यांना मळमळायचं. बायको हातात सुई घेऊन उभी आहे हे पाहून त्यांनी कारण विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यांनी बाही वर केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माधवरावांचा दंड लालबुंद सुजला होता आणि मधोमध पाण्यानं भरलेला फोड होता. खाजेनं ते हैराण झाले होते. हेमलताच्या दंडावर काळा ठिपका होता, शाईचा पडावा तसा. भोवतीची कातडी स्वच्छ आणि थंड. तिनं तो दाबला, खरवडला, ठिपक्यातून रक्त काढलं. रक्त आलं आणि थांबलं. लाली आली नाही ती नाहीच. ती स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. हा हात आपला नाहीच, कुणीतरी आणून चिकटवला आहे, असं तिला वाटलं. आत आता काय चाललं असेल? पोटात? छातीत? कुणाला विचारायचं?

आणि मग, इतका वेळ मागं ढकलून ठेवलेला विचार पुढं येऊन उभा राहिला. प्रांजली.

प्रांजली तिची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला पाचव्या महिन्यातच माहेरी आली होती. दिलेल्या तारखेवर चार दिवस उलटून गेले होते. आली तेव्हा तिची कंबर फार दुखायची, रडायची ती. बाटलीवर हेमलतानंच लिहिलेलं होतं की गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. सगळेच लिहितात तसं लिहिलं होतं. प्रांजलीनं ते वाचून बाटली परत दिली होती. तेव्हापासून हेमलता तिच्या सकाळच्या दुधात पाच थेंब टाकत होती. हळदीचंच दूध, चव कळत नव्हती. कंबर थांबली. माहेरचं पाणी मानवलं, असं प्रांजली सासरी फोनवर सांगायची.

कळा कशानं सुरू होतात? हेमलताला ते पुस्तकात वाचलेलं आठवत होतं. दिवस भरले की गर्भाशयात एक प्रकारची सूज चढते, तेच निरोप, त्याच पेशी. तिथूनच बाळंतपणाची सुरुवात होते.

तिनं आधी लेकीकडं जायला हवं होतं. ती गेली भावाकडं. पुढं कितीतरी दिवस ती या एका गोष्टीचं समर्थन शोधत होती आणि तिला ते सापडलं नाही. भीती वाटली, एवढंच खरं. दादा काहीतरी म्हणेल, हे सगळं खोटं आहे म्हणेल, अशी आशा होती.

विश्वंभर गटाच्या कचेरीत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. मणक्याच्या दुखण्यानं आठ वर्षं तो कुशीवर झोपून होता, थेंबांनी त्याला उभं केलं होतं, आणि दहाऐवजी तीस थेंब घेणारा गावात तो एकटाच होता. तो म्हणाला की एका बाईच्या मरणावरून आणि एका बिब्ब्यावरून निष्कर्ष काढू नये. नीट तपासणी होऊ दे, पंधरा दिवस थांब, तोवर बोलू नकोस, लोक उगाच घाबरतील. हेमलतानं त्याला प्रांजलीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "तू तिला न सांगता दिलेस. हे गावासमोर आलं तर ती तुझं तोंड तरी बघेल का, हेमे? विचार कर."

त्याला तिला थांबवायचं होतं. पण ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि तिला कळलं की आपण इथं गप्प राहायची मुभा मागायला आलो होतो. ती उठली आणि घराकडं चालू लागली, मग पळू लागली. चौपन्न वर्षांची बाई भर रस्त्यानं पळताना पाहून लोक ओट्यावर उभे राहिले. पळता पळता तिच्या लक्षात आलं की आपले गुडघे दुखत नाहीत, आणि त्या गोष्टीनं तिचा जीव आणखीच घाबरा झाला.

प्रांजली स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होती. पट्टी हिरवी. चेहरा टवटवीत. हेमलतानं धाप लागलेली असतानाच विचारलं, कसं वाटतंय. एकदम छान, ती म्हणाली. कसलाच त्रास नाही, कळा तेवढ्या येत नाहीत, आळशी दिसतंय पोर. मग मेथीच्या काड्या बाजूला सारत तिनं सहज म्हटलं, "कालपासून हलतही कमी आहे. झोपलंय वाटतं."

माधवरावांनी गाडी काढली. सव्वीस किलोमीटरचा रस्ता. काय झालंय हे प्रांजली विचारत होती आणि हेमलता रस्त्याकडं बघत होती. कॅनॉल ओलांडला तेव्हा ती बोलली. गंगासागरबाईच्या पोटात काय सापडलं ते सांगितलं, बिब्ब्याचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. पाचव्या महिन्यापासून, रोज, पाच थेंब. माधवरावांनाही ते तेव्हाच कळलं. गाडी किंचित डगमगली आणि पुन्हा सरळ झाली.

प्रांजली ओरडली नाही. आईच्या हातात असलेला आपला हात तिनं काढून घेतला आणि पोटावर ठेवला.

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "बाटली परत दिली होती मी."

"तुला फार दुखत होतं गं."

"मग दुखू द्यायचं होतंस."

माधवरावांनी गाडी थेट दवाखान्याच्या दाराशी नेली.

डॉक्टर काझींनी बाळाच्या ठोक्यांचं यंत्र पोटाला लावलं. कागदाची पट्टी सरकत बाहेर येऊ लागली. निरोगी बाळाच्या ठोक्यांची रेघ वरखाली नाचते. ही जवळजवळ सपाट होती आणि अधूनमधून खाली बुडत होती, खोल, आणि वर यायला वेळ घेत होती. आईचा ताप पाहिला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. रक्तातली सूज तपासली, शून्याच्या आसपास. पोट मऊ. ठोक्यांची रेघ सोडून कुठल्याही डॉक्टरनं बाकीचे कागद पाहिले असते तर या बाईला घरी पाठवलं असतं. डॉक्टर काझींनी ते बाजूला सारले आणि शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलं.

दारातून आत जाताना त्यांनी हेमलताला एकच विचारलं. प्रांजलीची पाण्याची पिशवी कधी गळत होती का, पाणी गेलं होतं का? हेमलताला आठवलं, चार दिवसांपूर्वी तिनं साडी बदलली होती, थोडं ओलं झालं म्हणाली होती. दुखत काहीच नव्हतं, म्हणून दोघींनीही ते मनावर घेतलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर माधवराव एका टोकाला बसले आणि हेमलता दुसऱ्या. पस्तीस वर्षांच्या संसारात ते असे कधी बसले नव्हते. समोरच्या भिंतीवर पोलिओच्या डोसाचं चित्र होतं, हसरं बाळ. हेमलताला त्या चित्राकडं बघवेना आणि दुसरीकडंही बघवेना. तिच्या मनात सारखा एकच हिशेब चालू होता: आत या क्षणी जे कुजत असेल ते कुणालाच सांगणार नाही, ना प्रांजलीला, ना डॉक्टरला. तिनं स्वतःच तिथं हळद भरून सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. पाणी हिरवट आणि घाण वासाचं आलं होतं, डॉक्टर म्हणाल्या. आणखी एक दिवस थांबला असतात तर दोघींपैकी कुणीच हाती लागलं नसतं. आता काचेच्या पेटीत बाळ आणि वॉर्डात आई, दोघींनाही प्रतिजैविकं चालू. पण औषध अर्धंच काम करतं, उरलेलं शरीर करतं, आणि इथं शरीर उठायलाच तयार नाही.

"ती बरी होतेय की नाही हे मला कशावरून कळणार?" हेमलतानं विचारलं.

"मलाही कळणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ताप येणार नाही, जखम लाल होणार नाही. दर सहा तासांनी रक्त घेऊन त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. दुसरं काही माझ्या हातात नाही."

पाच दिवस तसे गेले. प्रांजली उठून बसायची, हसायची, पेटीजवळ जाऊन उभी राहायची, आणि ती जितकी बरी दिसायची तितकी हेमलता घाबरायची. पाचव्या दिवशी टाके बघितले. जखम स्वच्छ होती, पांढरी होती, आणि जराही जुळली नव्हती. कापडाचे दोन तुकडे दोऱ्यानं धरून ठेवावेत तशा तिच्या कडा नुसत्या शेजारी शेजारी होत्या. भरून येण्यासाठी आधी सूज यावी लागते. डॉक्टरांनी टाके दुप्पट दिवस ठेवायचे ठरवले आणि प्रांजलीला खोकूसुद्धा नकोस म्हणून बजावलं.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता हेमलता गावात जाऊन ग्रामसभेसमोर उभी राहिली. तिनं काहीही लपवलं नाही. गंगासागरबाईचं सांगितलं, स्वतःच्या लेकीचं सांगितलं, दुधाचंही सांगितलं. बायांनी तोंडाला पदर लावले. तिला वाटलं होतं लोक दगड मारतील. लोकांनी विचारलं ते वेगळंच होतं. थेंब बंद झाले तर गुडघ्यांचं काय? किसनराव ढगे नावाचे ऐंशीचे गृहस्थ काठीशिवाय उभे राहिले आणि म्हणाले, "दहा वर्षं मी रांगत परसाकडं जात होतो, बाई. आत काय सडायचं ते सडू दे. मला न दुखता मरायचंय." कितीतरी माना हलल्या. विश्वंभर मागं खुर्चीवर बसून होता. त्यानं बहिणीला खोडून काढलं नाही.

तरुण आयांनी मात्र ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर काझींनी शाळेत पोटाच्या सोनोग्राफीचं यंत्र आणून बसवलं आणि लोक रांगा लावू लागले. हेमलता दारात बसून नावं लिहून घ्यायची, जिथं हात लावता येईल तिथं लावून बघायची, बायकांची पावलं, पोरांचे कान, म्हाताऱ्यांच्या दाढा. अकराशे माणसांत सोळा जणांच्या आत काही ना काही सापडलं. एकाच्या यकृतात गळू होतं. सात वर्षांच्या एका मुलीचा कान आतून पोखरून हाडापर्यंत गेला होता आणि ती अंगणात लंगडी खेळत होती. तिची आई कागद हातात घेऊन मटकन खाली बसली आणि पोरीला घट्ट धरून ठेवलं, जणू ती फुटेल.

विश्वंभर सगळ्यात शेवटी आला. त्याचं पित्ताशय सडून काळं झालं होतं. त्याला नांदेडला नेलं. जाण्याआधी त्यानं अर्कघराच्या किल्ल्या हेमलताच्या हातात दिल्या आणि बाटल्या ओतून टाक म्हणाला. तिनं बुरशीच्या बरण्या आधी उकळत्या पाण्यात घातल्या, मग बाटल्या एकेक करून उघडल्या. दोन दिवस लागले. विश्वंभर वाचला, पण पुन्हा कुशीवर झोपला. सोळांतले दोघं वाचले नाहीत. किसनरावांनी साठवून ठेवलेले थेंब शेवटपर्यंत कुणाला दिले नाहीत.

थेंब बंद केल्यावर अंगातून ते कधी उतरतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. महिना लागेल, सहा महिने लागतील. प्रांजली बाळाला घेऊन माहेरीच आली, कारण डॉक्टरांना ती तालुक्याच्या जवळ हवी होती. तिचा नवरा सुट्टी काढून येऊन राहिला. ती आईशी बोलायची ते कामापुरतं. गरम पाणी झालं का. दुपटं वाळलं का. दूध मात्र ती स्वतः तापवून घ्यायची आणि हेमलता चुलीजवळ असली तर ती बाहेर जाईपर्यंत थांबायची. हेमलतानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही, म्हणजे तसं दाखवलं नाही. ती रोज सकाळी बाळाला उघडं करून नखशिखांत तपासायची, बेंबी, काख, जांघा, टाळू. मग देवापुढं बसायची, पण मागायचं काय ते तिला समजायचं नाही. नातीला ताप येऊ दे, असं कुठली आजी मागते?

थेंब बंद झाल्याच्या सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. हेमलता भाकरी टाकून धावली. प्रांजली पलंगाच्या कडेला वाकून बसली होती, एक हात छातीवर धरून. बाळ बाजूला पाय झाडत होतं. प्रांजलीच्या गालांवर लाली होती आणि दात वाजत होते.

"आई," ती म्हणाली, "दुखतंय. हात लावू नको, फार दुखतंय."

दूध अडून उजवा स्तन गाठीसारखा कडक झाला होता, लालभडक, सुजलेला. हेमलतानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग पुन्हा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. तिला हुंदका आला. रडू आवरेना म्हणून ती जमिनीवर बसली. प्रांजलीला आधी कळलं नाही. मग कळलं. ती दुखण्यानं विव्हळत होती आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि थोडा वेळ दोघी तशाच बसून राहिल्या. बाळ दोघींकडं बघत होतं.

जावयानं डॉक्टरांना फोन लावला. तासाभरात घेऊन या, त्या म्हणाल्या, तोवर तापाची गोळी द्या आणि गरम पाण्याचा शेक द्या. फोनवरसुद्धा त्यांचा आवाज हलका झालेला ऐकू आला. पट्टी पिवळी झालीये का, त्यांनी विचारलं. झाली होती.

हेमलतानं कपाटातून गोळी काढली, पेला भरला आणि लेकीसमोर उभी राहिली. प्रांजलीनं पेला घेतला नाही. तिनं आधी हात पुढं केला आणि आईच्या तळहातावरची गोळीची चंदेरी पट्टी उचलून उजेडाकडं धरली. मागचं नाव वाचलं, तारीख वाचली. हेमलता हात पसरून थांबली होती.

"कशासाठी आहे, सांग," प्रांजली म्हणाली.

हेमलतानं सांगितलं. ताप किती उतरेल, किती वेळानं, दुखणं थोडं राहील, सगळं सांगितलं. प्रांजलीनं ऐकून घेतलं. मग गोळी तोंडात टाकली आणि आईच्या हातातून पेला घेतला.